खाजेची ट्यूब

3 जून 2024, सोमवार
उकाडा. घामोळ्यांच्या पावडरचं खोकं दुपारपर्यंत रिकामं. माझ्या मेडिकलच्या काउंटरची काच चिकट. स्टेशनातून येणारा प्रत्येक माणूस मान खाजवतच जिना उतरतो.

संध्याकाळी माहुली गडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतली कातकरी बाई आली. कडेवर एक पोर, पाठीमागे दोन. वीटभट्टीवरून नुकतेच परतलेत. पोरांच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, बेंबीभोवती बारीक पुरळ. खाज रात्री जास्त.
"घरात अजून कोण खाजवतं?"
"समदीच."
खरूज. मधल्या पोराच्या नाकाखाली आणि कोपरावर मात्र वेगळं. फोड फुटलेले, वर मधासारखी पिवळी खपली. खाजवून जखम झाली, तिथून जंतू शिरले. आजार दोन, औषधंही दोन लागणार. उपकेंद्रात पाठवलं. जाताना सांगितलं, खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत. आठवड्याने परत. फोडाची खपली ओल्या फडक्याने भिजवून काढायची, मग मलम. कपडे, गोधड्या गरम पाण्यात.
इथे ती हसली. "ताई, टँकर एक दिवसाआड. प्यायाचं पानी हाय तेवढं."
भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईत.
कपडे-गोधड्या प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांध, चार दिवस उघडू नको, म्हटलं. अंगाबाहेर तो किडा एवढे दिवस जगत नाही. याला पाणी लागत नाही.

7 जून, शुक्रवार
औषध कंपनीचा एमआर आला. खाजेच्या ट्यूबची पावसाळ्याची स्कीम. दहा ट्यूबवर तीन फुकट. नको म्हटलं.
"मॅडम, सगळे घेतात."
घेऊ देत.

एका ट्यूबमध्ये चार औषधं. बुरशीचं, जंतूंचं, आणखी एक कशाचं तरी, आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल म्हणजे सगळ्यांत कडक स्टेरॉइडांपैकी एक. दुसऱ्या दिवशी खाज थांबते, लाली उतरते. गिऱ्हाईक खूश. त्वचेने बुरशीशी चालवलेली झटापट तेवढी बंद पडलेली असते. बुरशी आरामात पसरते.
मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. वेष्टनावर लाल रेघ असते. ती रेघ कोण बघतं?

10 जून, सोमवार
पाऊस आला. काल मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं.

रात्री दुकान आवरताना एक पोरगा. बावीस-तेवीसचा. भिवंडीच्या गोदामात कामाला, बाइकवरून जातो-येतो. जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. माझ्याकडे न बघता दुकानातल्या पोऱ्याला हळूच म्हणाला, ती खाजेची ट्यूब दे. नाव बरोबर सांगितलं. पोऱ्याने माझ्याकडे बघितलं.
"कुठे आलंय?" मी विचारलं.
तो लाल झाला. मग मोबाईल काढला, फोटो दाखवला, मान दुसरीकडे फिरवून.
जांघेत. नायट्याची खरी खूण गोल कडा. कड उंच, लाल, खवलेदार, मधला भाग बरा होत चाललेला. इथे कडच नाही. नुसता लालसर, पुसट, पसरट भाग, मांडीपर्यंत उतरलेला. वर जांभळट रेघा, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. त्वचा पातळ झालीय.
किती ट्यूब झाल्या? आठवत नाही म्हणाला. दिवाळीपासून.
दिली नाही. कल्याणच्या स्किनच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं.
"सुट्टी नाही, ताई."
पाठ फिरवून निघाला. पुढच्या दुकानात त्याला मिळाली असणार.

14 जून, शुक्रवार
टाकळा आला बाजारात. पहिल्या पावसाची पहिली भाजी. विकणारी ठाकर म्हातारी म्हणते, बी लिंबात वाटून नायट्यावर लावायचं. असेल. मागे एकाने लसूण ठेचून रात्रभर बांधली होती. नायटा तसाच, वर भाजल्याचा फोड. त्यापेक्षा टाकळा बरा. भाजी केली.

18 जून, मंगळवार
आश्रमशाळेच्या अधीक्षिका. शाळा सुरू झाली. सुट्टीवरून आलेल्या काही मुलींच्या डोक्यात चकत्या. केस मुळाशी तुटलेले, कोंड्यासारखे पापुद्रे. मलम मागत होत्या, भरपूर.
डोक्यातला नायटा मलमाने जात नाही. बुरशी केसाच्या मुळात असते. गोळ्या पोटातूनच घ्याव्या लागतात, काही आठवडे, वजनाप्रमाणे, जेवणाबरोबर. डॉक्टरांना शाळेत बोलवा म्हटलं. तोवर प्रत्येकीचा कंगवा वेगळा, टॉवेल वेगळा. आणि मुंडण करू नका कुणाचं. गरज नसते. पोरी त्यानेच जास्त रडतात.
"साठ मुलींना साठ कंगवे?" त्या म्हणाल्या.
कंगवे मी होलसेलने आणून देते म्हटलं.

22 जून, शनिवार
आई आणि लग्नाची मुलगी. मानेवर, पाठीवर फिकट ठिपके. आई कुजबुजली, "कोड तर नाही ना? पुढच्या रविवारी बघायला येतायत."
नखाने हलकं खरवडलं. कोंडा निघाला. शिबं. घामाच्या दिवसांत वाढतात. बुरशीच, पण साधी. प्रत्येकाच्या अंगावर ती असतेच, घाम-तेल मिळालं की फोफावते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू डोक्याला नाही, अंगाला. फेस करून पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा.
"रविवारपर्यंत जाईल?"
बुरशी जाईल, रंग यायला महिने लागतील. रंग नाही आला म्हणून पुन्हा पुन्हा औषध लावू नका.
आई नाराज. मुलगी मागच्या मागे हसली. मला वाटतं तिला ते स्थळच नको असावं.

25 जून, मंगळवार
ह्यांचे बूट वाळत नाहीत. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले. लोकलच्या डब्यातला चिखल घरभर.

29 जून, शनिवार
रिक्षावाले काका. हातावर फिकट चट्टा, रुपयाएवढा. नायट्याचं मलम लावतायत, फरक नाही.
खाज? नाही. खवले? नाही. घाम येतो तिथे? त्यांनी बघितलं, म्हणाले, नाही वाटतं.
कापसाची वात केली. डोळे मिटा म्हटलं. चट्ट्याबाहेर लावली, "हां." चट्ट्यावर लावली. गप्प. पुन्हा लावली. गप्प.
दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं. काही बोलले नाही. त्यांच्याबरोबर बाहेर छत्रीत उभी राहिले. आशाताईंना फोन केला, त्या उद्या त्यांना आरोग्य केंद्रात नेतायत.
काकांनी एकच विचारलं. "तेच का?"
डॉक्टर सांगतील. असलं तरी बरं होतं. गोळ्या सरकारी, फुकट. थोडंच असेल तर सहा महिने, जास्त असेल तर वर्ष. औषध सुरू झालं की लवकरच लागण थांबते. घरच्यांनाही तपासतात, त्यांना एक डोस देतात.
"कुणाला सांगू नका."
इथेही नाव लिहीत नाही.

1 जुलै, सोमवार
दुपारी दोन ते चार काउंटरवर पुरुष नसतात. तेव्हा बायका येतात. परकराच्या नाडीखाली, कमरेभोवती नायट्याचा पट्टाच उठलेला. दिवसभर ओल्या साडीत काम, नाडी घट्ट, घाम. छातीखाली, घडीत. एकीने तर नवऱ्याचीच उरलेली ट्यूब लावली होती. नवऱ्याला विचारा, तो लावतो का अजून. घरात एकाला असेल तर सगळ्यांना बघायला हवं. नाही तर तिचा बरा होतो तेव्हा त्याचा परत तिला.
सांगते तेच तेच. नाडी सैल. टॉवेल एकट्याचा. कपडे उलटे करून वाळवा, पावसात वाळत नाहीत तर इस्त्री फिरवा. साधं क्लोट्रिमॅझोल, दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन बोटं. दिसेनासं झाल्यावरही दोन आठवडे. पसरलेलं असेल तर डॉक्टर.
"दिसेनासं झाल्यावर कशाला?"
सगळ्याजणी हेच विचारतात.

7 जुलै, रविवार
पहाटेपासून कोसळतोय. वाशिंदला झाड पडलं. आटगाव आणि ठाणसीतच्या मध्ये रुळांवर माती आली. कसाऱ्याकडची लोकल बंद. हे स्टेशनवरून परत आले. भारंगीचं पाणी शहापुरात घरांत शिरलं. गाड्या वाहून गेल्याचे व्हिडिओ येतायत. वाशिंदकडे रिसॉर्टवर अडकलेल्यांना एनडीआरएफने काढलं.
आमच्या दुकानात घोटाभर पाणी. खालचे दोन कप्पे रिकामे केले. इन्सुलिन वर घरी नेलं.

8 जुलै, सोमवार
चिखल काढतोय. पोऱ्या अनवाणी. त्याला ओरडले. गमबूट घाल. पायाला कुठे खरचटलंय का बघ. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत असतं. आरोग्य सेविका घरोघर फिरतायत, पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सीसायक्लिन देतायत. ती गोळी जेवूनच घ्या, भरपूर पाण्याबरोबर, लगेच आडवे होऊ नका. अन्ननलिकेला चटका बसतो.
बँडेज, डेटॉल, बीटाडीन. सकाळीच संपलं.

9 जुलै, मंगळवार
ती कातकरी बाई परत आली. मधला पोरगा. फोड सुकलेत. पण तोंड सुजलंय, डोळे अर्धे मिटलेले. सकाळी जास्त असतं म्हणाली.
"लघवी कशी होते?"
"काळ्या च्याव्हानी. थोडी थोडी."
अंगावर काटा आला. स्ट्रेप्टोकॉकस. अंगावर फोड आल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी किडनीला सूज. पुस्तकात वाचलेलं. असं पोरगं समोर पहिल्यांदा बघितलं.
रिक्षा थांबवली. रिक्षावाले काकाच निघाले. भाडं घेतलं नाही त्यांनी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात. बाईला हातात कागद दिला, 'जूनमध्ये अंगावर फोड होते, आता सूज व काळ्या चहासारखी लघवी.' बोलता आलं नाही तर कागद दाखव.

10 जुलै, बुधवार
ठाण्याला हलवलं म्हणे. रक्तदाब वाढलेला होता.

12 जुलै, शुक्रवार
आवणी जोरात. सासूबाई शेतावर. मजूर मिळत नाही म्हणतात, पण खरं कारण ते नाही. त्यांना चिखलात उतरल्याशिवाय पावसाळा आल्यासारखा वाटत नाही. साठी उलटून गेलीय.
संध्याकाळी पाय बघितले. चिखल्या. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, सोललेली. वास.
"दरसाली होतात. जातात आपोआप, दिवाळीला."
पाय धुवा, बोटांमधून कोरडे पुसा, मलम लावा, बोटांच्या मध्ये कापूस ठेवा. परमँगनेटचे खडे आणून दिले. एक-दोन कण बादलीत, पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे. जांभळं झालं तर कातडी जळते.
त्यांनी चिमूटभर टाकले. बादली जांभळी. ओतून दिली.

15 जुलै, सोमवार
फोन आला. पोराची लघवी वाढलीय. सूज उतरतेय. आई वॉर्डातच आहे. बाकीची दोन पोरं वाडीत आजीकडे. त्यांच्या अंगावर आता फोड नाहीत, असं आशाताई सांगतात. त्यांनी बघून घेतलं.

17 जुलै, बुधवार
आषाढी. सासूबाईंचा उपास, तरीही शेत. पाय तसाच. "विठोबाला सांगितलंय," म्हणाल्या.

21 जुलै, रविवार
गुरुपौर्णिमा. सासूबाई दुपारी घरी आल्या. थंडी वाजून ताप. उजवी पोटरी लाल, ताणलेली, गरम. हात लावू देत नाहीत. बेचक्यात चीर.
बॉलपेन घेतलं. लालीच्या कडेने रेघ मारली, वेळ लिहिली. 4.30.
"हे काय लिहितेस पायावर?"
रात्री 9 वाजता लाली रेघेबाहेर दोन बोटं. मांडीकडे एक लाल दोरा.
घरात ताप उतरवायची गोळी देऊन सकाळची वाट बघण्याची गोष्ट नाही ही. ह्यांनी गाडी काढली.

22 जुलै, सोमवार
शहापूर. सलाईन, इंजेक्शन. पाय उशीवर. डॉक्टरांनी माझी पेनाची रेघ बघितली, काही न बोलता पुढे आपली रेघ मारली.
साखर 286. कधी तपासली नव्हती. मी मेडिकलवाली, माझ्याच घरात. त्या म्हणतात, "मला कुठे साखर? मी गोड खातच नाही."
चिखल्यांची चीर हे दार. साखरेने ते उघडं ठेवलं.

25 जुलै, गुरुवार
काल तानसा भरून वाहू लागला. पेपरात पहिल्या पानावर, मुंबईची चिंता मिटली.
रेघेच्या आत आली लाली. ताप नाही. सासूबाई वॉर्डातल्या सगळ्यांना आवणी कशी करायची ते शिकवतायत. शेजारच्या पलंगावरची बाई टिटवाळ्याची, तिला शेतच नाही.

28 जुलै, रविवार
सासूबाई घरी. गोळ्या अजून सात दिवस. मध्येच बंद केल्या तर परत इंजेक्शन, हे ह्यांनी सांगितलं. मी सांगितलं तर ऐकत नाहीत. मेटफॉर्मिनला 'साखरेची गोळी' म्हणत नाहीत. 'ती पांढरी' म्हणतात.

31 जुलै, बुधवार
भिवंडीवाला पोरगा आला. जूनपासून पहिल्यांदा. या वेळी पोऱ्याला टाळून सरळ माझ्याकडे. कल्याणची चिठ्ठी.
"डॉक्टरांनी ब्लेडने खरवडलं. काचेवर घेतलं, थेंब टाकला, मशीनखाली बघितलं. मला पण दाखवलं. दोरे दोरे."
इट्राकोनॅझोल कॅप्सूल, मलम, खाजेची गोळी. ट्यूब बंद.
"बंद केल्यावर जास्त वाढलं, ताई. आग आग. मला वाटलं हे डॉक्टर बोगस."
तसंच होतं. स्टेरॉइड सुटलं की दबलेलं सगळं उसळतं. एक-दोन आठवडे. परत ट्यूबकडे जाऊ नको. म्हणून तर लोक जातात.
चिठ्ठी वाचून विचारलं, ऍसिडिटीची गोळी घेतोस का? घेतो, रोज सकाळी, कामावर बिर्याणी असते. मग कॅप्सूल उतरणारच नाही अंगात. ही कॅप्सूल पोटातल्या ऍसिडमध्ये विरघळते. डॉक्टरांना फोन लावून दिला. ऍसिडिटीची बंद झाली. कॅप्सूल भरल्या पोटी.
सहा आठवडे निदान. जास्तही.
जांभळ्या रेघा? "त्या जातील ना?" फिकट होतील. जाणार नाहीत.

2 ऑगस्ट, शुक्रवार
कॉलेजची मुलगी. नाकपुडीच्या बाजूला गळू. नखाने फोडलंय. वरचा ओठ सुजला. नाकाजवळचं, ओठावरचं कधी दाबू नये. तिथल्या शिरा आत डोक्यापर्यंत जातात. गरम शेक, हात नाही, आणि आजच डॉक्टर. ताप आला, डोळा सुजला तर रात्रीसुद्धा.
ती म्हणाली, उद्या फ्रेशर्स आहे. आज जा म्हटलं.

5 ऑगस्ट, सोमवार
मुलगा पुण्याहून. फोनवर वाचून दाखवत होता. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतातल्या आणि नेपाळमधल्या रुग्णांवरून एका बुरशीला नवं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नेहमीच्या टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद देत नाही. त्या बुरशीचं एक एन्झाइम बदललंय, टर्बिनाफिन त्यावरच काम करतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही सापडली.
"आई, आपल्याकडून गेली बघ."
माझ्या काउंटरसमोरूनही गेली असेल, ओल्या जीन्समधून. चार औषधांची ट्यूब, अर्धवट गोळ्या, मध्येच सोडलेलं मलम. आपणच तिला पोसलं. न्यूयॉर्कला पाठवायचं तेवढं बाकी होतं.

9 ऑगस्ट, शुक्रवार
नागपंचमी. बाळ, आठ महिन्यांचं. डायपरच्या घडीत लाल, कडेबाहेर सुटे सुटे ठिपके. आजीने पावडर थापलेली, ओलाव्याने घट्ट झालेली. ठिपके सुटे बाहेर पडलेले असतील तर बुरशी असते. पावडर धुऊन काढा. बाळाला थोडा वेळ उघडं ठेवा. आजी म्हणाली, "आमच्या वेळी लंगोटच होता." तो बरा होता, आजी.

12 ऑगस्ट, सोमवार
कातकरी बाई आली. पोरगा चालत. तोंड नेहमीचं. शाळेत जातो. आठवड्याला रक्तदाब बघतात. लघवी साफ दिसते, तपासणीत अजून थोडं रक्त येतं, ते काही महिने येईल असं डॉक्टर म्हणाले.
टोपलीत करटुली आणली होती माझ्यासाठी. पैसे घेईना.
"ताई, परत भट्टीवर जानार दिवाळीनं. तितं कोन बघील?"
कंत्राटदार नाही बघणार. तिला दोन साबण, परमँगनेटचे खडे, आणि खपलीचं मी काढलेलं चित्र दिलं. वाचता येत नाही तिला. चित्रावर पिवळा रंग दिला. असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना.

19 ऑगस्ट, सोमवार
नारळी पौर्णिमा. रिक्षावाले काका दुकानासमोर थांबले, स्टँडवर नाहीत. गोळ्यांचं पाकीट दाखवलं नाही, नुसतं म्हणाले, दुसरं सुरू झालं. महिन्याला एक पाकीट. बायकोला, मुलाला तो एक डोस दिला. मुलीचं लग्न ठरतंय, तिच्या सासरी कळू नये.
कळलं तर काय, म्हणण्यासारखी जागा नव्हती ती. रस्ता होता. मान हलवली.

28 ऑगस्ट, बुधवार
साठ कंगवे गेले. अधीक्षिका म्हणतात, गोळ्या चालू झाल्यापासून केस उगवतायत. दोन मुलींचं राहिलंय, घरी गेल्या होत्या, औषध तिथे घेतलं नाही.

7 सप्टेंबर, शनिवार
गणपती. दुकान दुपारपर्यंत. मुंबईहून सगळे गावाला आलेत. एका घरात पंधरा माणसं, टॉवेल चार. लोक नायट्याचं विचारायला लागतील, आठवड्याभराने. आधीच ऑर्डर टाकली, साधं क्लोट्रिमॅझोल. चार औषधांची नाही.

11 सप्टेंबर, बुधवार
गौरी. सासूबाई फुगडीला उभ्या राहिल्या. पाय बरा. उपाशीपोटी साखर 132. बेचकं मीच बघते रोज, पदराआड. बघू देतात आता.

18 सप्टेंबर, बुधवार
तोच एमआर. नवी स्कीम. आता दहावर चार.
काउंटरवर कागद चिकटवला आहे, त्याला वाचायला लावला. 'स्टेरॉइडयुक्त खाजेची ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. खाज न येणारा, बधिर चट्टा मलमाने जात नाही, आरोग्य केंद्रात दाखवा. पायावरची लाली पसरत असेल, ताप असेल, तर थांबू नका.'
"मॅडम, गिऱ्हाईक जाईल."
काही गेलंय.

30 सप्टेंबर, सोमवार
भिवंडीवाला पोरगा. कल्याणला परत दाखवून आला. खरवडून बघितलं, दोरे नाहीत. जांघ साफ, रेघा फिकट.
डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, मलम अजून दोन आठवडे लिहिलं.
"आता काहीच नाही तिथे, ताई. खाज पण नाही. मलम कशाला?"
लाव, म्हटलं. कडेच्या बाहेर दोन बोटं. आणि जीन्स इस्त्री कर.
बिल 140 रुपये. दिलं त्याने.